चिमणी पिलांना काय भरवते

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं: नागपूरला जाऊन प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायचं. घरात कुणाचा विरोध नव्हता. पण भाऊही त्याच वर्षी बाहेरगावी शिकायला निघाला होता आणि दोघांचं खाणंराहणं बाबांच्या पगारात बसणारं नव्हतं. बाबा जऊळका स्टेशनवर पॉइंट्समन होते, गाड्यांसाठी रूळ बदलणारे. ते मला म्हणाले, "एक साल थांब. पुढच्या साली तुहा नंबर." मी थांबायला तयार झाले. पण वर्षभर घरात बसून स्वयंपाक शिकण्याची कल्पना मला सहन होईना.

अकोल्याला कॉलेजात मला शिकवणाऱ्या बाईंना मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शेतकीच्या कॉलेजात एक सर आहेत. शेतातल्या पक्ष्यांवर काम करतात. त्यांना हंगामापुरतं माणूस पाहिजे. पगार म्हणशील तर जवळपास नाहीच."

सर एका लांबट खोलीत बसले होते. मागे कपाटात पक्ष्यांची पेंढा भरलेली कातडी मांडलेली होती. त्यांनी माझे मार्क विचारलेच नाहीत.

"चिमणी काय खाते?"

"दाणे," मी म्हणाले.

"पाहिलंय?"

"रोज पाहते, सर."

"आणि पिलांना काय भरवते?"

"दाणेच भरवत असेल."

"असेल म्हणजे पाहिलेलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मीही नीट पाहिलेलं नाही. सोमवारपासून या."

त्या कॉलेजातून बाहेर पडून मी बसस्टँडकडे चालत निघाले आणि वाटेत मला स्वतःचंच नवल वाटायला लागलं. मी चिमण्यांच्या घरट्याखाली वाढले होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आमच्या एकुलत्या खोलीत भिंतीवरच्या तसबिरीमागे दरवर्षी घरटं असायचं. खाली पडलेल्या काड्या झाडायचं काम माझंच होतं. आणि चोचीतून काय येतं हे मी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

बाबांना नोकरी समजावून सांगायला वेळ लागला.

"म्हंजे चिमन्या हाकलाच्या?"

"नाई बाबा. नुसत्या पाहाच्या."

"पाहाचा पगार देते सरकार?" ते बराच वेळ हसत राहिले. मग पगार किती ते ऐकून त्यांचं हसू थांबलं. "बरोबर हाय मंग," ते म्हणाले.

मायची काळजी वेगळी होती. "पाव्हने आले अन् इचारलं, पोरगी काय करते, तं काय सांगू मी? चिमन्या पाह्यते म्हनून?"

"सांग, संशोधन करते म्हनून."

"ते काय असते हे मंग मलेच इचारतीन ना!"

सरांना एक असं शेत हवं होतं जिथे हायब्रीड ज्वारी लवकर पेरलेली असेल. हायब्रीड आधी निसवते, म्हणजे तिचं कणीस आधी बाहेर पडतं, आधी भरते आणि आजूबाजूच्या सगळ्या गावांची पाखरं तिच्यावर येऊन पडतात. रुळाला लागून असलेलं तसलं एक शेत बाबांनीच सुचवलं. शेतकरी त्यांच्या ओळखीचा होता, गाडीची वाट पाहत फलाटावर बसून बोलणारा. सरांनी त्याला समजावलं की शेताच्या एका कडेचा पट्टा दोरी लावून वेगळा काढू, त्यात कुणी पाखरं हाकलायची नाहीत. बाकीच्या शेतात नेहमीसारखी राखण करावी. पट्ट्यातलं जे नुकसान होईल ते कॉलेज ज्वारीनेच भरून देईल. तो भला माणूस, लगेच हो म्हणाला. फक्त त्याने बायकोला विचारलं नव्हतं, आणि राखण करत होती ती.

मी पहिल्या दिवशी वही आणि दुर्बीण घेऊन बांधावरच्या बोरीखाली बसले, तेव्हा ती मचाणावर उभी राहून गोफण फिरवत होती. तिशीतली असेल, उंच, आवाज रूळ ओलांडून ऐकू जाईल असा. दगड ज्वारीवरून सणसणत गेला की चिमण्यांचा थवा उठायचा, आभाळात एक गिरकी घ्यायचा आणि शहाण्यासारखा नेमका दोरीच्या आतल्या पट्ट्यात उतरायचा. तिथे त्यांना कुणी काही करत नाही हे त्यांना पहिल्याच सकाळी कळलं.

बराच वेळ तिने धीर धरला. मग ती मचाणावरून खाली उतरून माझ्यासमोर आली.

"पोरी, तुले दिसत नाई का?"

"दिसते ना काकी."

"खाऊन राह्यल्या त्या!"

"हो. तेच लिहून राह्यली मी."

"लिहून राह्यली," ती स्वतःशीच म्हणाली. "कनसं रिकामे होऊन राह्यले, अन् हे पोट्टी लिहून राह्यली. मले कोनी इचारलं होतं का?"

तिला खरंच कुणी विचारलेलं नव्हतं. दुष्काळ मागे पडून फार पावसाळे झाले नव्हते. रेशनवरची ती परदेशातून आलेली लाल, कडवट मिलो ज्वारी आम्ही सगळ्यांनीच खाल्ली होती. आपल्या घरच्या पांढऱ्या ज्वारीवर चिमणी बसलेली पाहायची आणि हात हलवायचा नाही, ही गोष्ट कुणालाही जड गेली असती.

दुपारी तहान लागली की मी बाभळीखालच्या मडक्याशी जायची. मी ओंजळ धरायची, काकी वरून पाणी ओतायची. त्यात तिचा राग नव्हता. आमचं घर कोणाचं आणि त्यांचं कोणाचं, हे दोघींना ठाऊक होतं, आणि गावात तशीच रीत होती. काही दिवसांनी मी घरूनच बाटली नेऊ लागले. तिने ते पाहिलं.

आता कामाचं सांगते. सुरुवातीला मला सगळ्या चिमण्या सारख्याच दिसायच्या आणि सगळ्या खातानाच दिसायच्या. पण रोज तेच पाहायला लागल्यावर डोळे हळूहळू निवडायला लागतात. नर-मादी वेगळे दिसू लागले. मग लक्षात आलं की प्रत्येक चिमणी कणसावर बसतेच असं नाही. काही जणी खालीच असायच्या, पानांच्या बेचक्यात. तिथे डोकं खुपसायच्या, शेपटी वर, आणि बाहेर यायच्या तेव्हा चोचीत काहीतरी हिरवं लोंबत असायचं. ते त्या गिळत नसत. घेऊन उडून जात, आणि सरळ स्टेशनाच्या दिशेने.

एका सकाळी मी वही मिटली आणि त्यांच्या मागे निघाले. आता हे लिहिताना हसू येतं. एक पदवीधर मुलगी दुर्बीण गळ्यात घालून, मान वर करून, रुळाच्या कडेच्या खडीवरून ठेचाळत पळते आहे. बाबा लेव्हल क्रॉसिंगपाशी हिरवा झेंडा घेऊन उभे होते. त्यांनी ओरडून विचारलं, "काय झालं वं?"

"घर कुठं हाय तिचं ते पाह्यते!"

"कोनाचं?"

मला थांबून सांगायला सवड नव्हती. चिमणी क्वार्टरांच्या रांगेवरून गेली, कौलांवर टेकली, आणि एका दाराच्या फटीतून आत शिरली. ते दार आमचं होतं.

माय चुलीपाशी होती. मी स्टुलावर चढले. तसबिरीमागे पिलांचा कलकलाट चालला होता. चिमणी कौलाच्या वाशावर हिरवी अळी चोचीत धरून माझ्या खाली उतरण्याची वाट पाहत होती. मी उतरले. ती आत गेली, कलकलाट टिपेला पोचला आणि थांबला.

पुढच्या खेपेला सर पॅसेंजरने आले तेव्हा मी त्यांना फलाटावरच हे सांगितलं. ते पिशवी खाली ठेवायचंही विसरले. "चला, दाखवा," म्हणाले. आमच्या घरात साहेब माणूस पहिल्यांदाच येत होता. मायने घाईघाईने सतरंजी झटकली. पण सर सरळ स्टुलावर चढले, आणि वरूनच त्यांनी मला एक पद्धत सांगितली. पिलाच्या गळ्याभोवती सुती दोरा अगदी ढिला बांधायचा. श्वास नीट चालला पाहिजे, पण घास खाली उतरता कामा नये. आईने भरवलं की थोड्या वेळात चिमट्याने घास काढून घ्यायचा आणि दोरा सोडायचा. घास स्पिरिटच्या बाटलीत, आणि पिलाला बदल्यात भिजवलेल्या डाळीची गोळी.

सर परत गेल्यावर माय माझ्याकडे वळली.

"सकाळी वंदनेत पानातिपाता म्हनते, जीव घेनार नाई म्हनते, अन् दुपारी लेकराचा गळा बांधते?"

"मारत नाई ना मी त्याले."

"मेलं तं?"

मलाही तीच भीती होती. पहिल्या दिवशी माझ्या बोटांना इतका घाम आला की दोरा दोनदा निसटला. पिलू तळहातावर गरम लागत होतं. अंगावर पिसं अजून नव्हती, काड्यांसारखी नुसती टोकं आली होती. पोटाची कातडी इतकी पातळ की आतलं सगळं दिसावं. मी दोरा बांधला, पिलू परत ठेवलं आणि दाराआड जाऊन बसले. माय चूल सोडून माझ्याशेजारी येऊन बसली. चिमणी आली, गेली. मी स्टुलावर चढून पिलाचं तोंड उघडलं आणि चिमटा घातला. अख्खी, ओली, हिरवी अळी बाहेर आली. मी दोरा सोडला. पिलाने लगेच पुन्हा आ वासला.

"पाह्य माय, जितं हाय!"

माय अळीकडे पाहत होती. "हे तं ज्वारीतली हाय," ती म्हणाली, आणि डाळ भिजवायला उठली. त्यानंतर डाळीच्या गोळ्या तिनेच केल्या, आणि मी शेतावर असताना कोणता पक्षी किती वेळाने आला हे मला संध्याकाळी तोंडी सांगायचं कामही तिने आपणहून घेतलं.

बाटल्या भरत गेल्या. अळ्या, नाकतोडे, पतंगाचे पंख, एकदा अख्खा कोळी. दाणा एकही नाही. मी रोज नवीन घास काढताना आज दाणा निघेल असं मनात धरायची आणि रोज काहीतरी पायवालंच निघायचं. रात्री झोपताना उद्या काय निघेल याचाच विचार असायचा. परीक्षेच्या निकालाचीही मी इतकी वाट पाहिली नव्हती.

मध्ये दसरा आला. आमच्या वस्तीत दसऱ्याआधी सगळ्यांची घरं पांढरी होतात, तसबिरी उतरवून पुसल्या जातात, नवे हार चढतात. बाबांनी चुना भिजवला होता. त्यांनी तीन भिंती मारल्या, चौथ्या भिंतीपाशी आले, वर पाहिलं आणि कुंचला बादलीत ठेवून दिला. त्या दसऱ्याला आलेल्या प्रत्येक पाहुण्याने विचारलं की ही एक भिंत काळी कशी राहिली. बाबा प्रत्येकाला सांगायचे, "पोरीचं संशोधन हाय तिथं." त्यांना तो शब्द आता नीट म्हणता येत होता.

शेतात मात्र माझं आणि काकीचं जुळत नव्हतं. दाणा भरत आला तशी पट्ट्यात झुंबड उडाली. एका दुपारी माझ्या डोक्यावरून सणसणत दगड गेला आणि पट्ट्यातला सगळा थवा उठला. मी उभी राहिले.

"काकी, इथं नाई मारायचं ठरलं हाय!"

"तुमचं ठरलं. माहं नाई ठरलं." तिने गोफणीत दुसरा दगड घातला. "चोट्ट्या हायेत त्या. जलमल्यापासून चोट्ट्या."

"जलमल्यापासून नाई," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "पिल्लं दाना खातच नाईत. अळ्या खातात. तुमच्याच ज्वारीतल्या."

"कोन सांगते?"

"मी पाह्यलं. रोज पाह्यते. आमच्या घरात."

"खोटं."

"मंग या पाहाले."

मला वाटलं नव्हतं ती येईल. पण बाजाराच्या दिवशी ती डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन आली, टोपली आमच्या ओट्यावर उतरवली आणि दारात उभी राहिली. माय भांडी घासत होती, ती राखेच्या हातांनीच उठली. आमच्या रांगेत त्यांच्या घरची बाई कधी आली नव्हती. कामानेसुद्धा नाही.

"कुठं हाय?" काकीने विचारलं.

मी आत बोट दाखवलं. ती पायातल्या वहाणा काढून आत आली आणि कमरेला पदर खोचून स्टुलावर चढली.

त्या वेळी दोरा बांधलेलाच होता. मी तिला चिमटा दिला नाही, पिलाचं तोंड मात्र तिच्यासमोर उघडलं. घशातून नाकतोड्याचा एक पाय बाहेर आला होता. मी तो ओढून काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो उजेडात धरला. मग पुढच्या खेपेसाठी थांबली, मग त्याच्या पुढच्या. बाजार बाजूला राहिला. तीन घास निघाले, तीनही तिने स्वतःच्या हातावर घेतले. दुसरा घास हिरव्या अळीचा होता, ती तिने ओळखली. "हे ज्वारीचा कोवळा पोंगा खाते," ती म्हणाली. "मेली."

मग तिने मला जे विचारलं ते मी कधी विसरले नाही.

"लहानपनी अळ्या खातात, तं मोठ्या झाल्यावर चोट्ट्या कायले होतात?"

"माहीत नाई काकी."

"तुह्या सायबाले?"

"त्यालेबी नसन."

तिला ते उत्तर पटलं नाही, पण त्यावर ती हसली. मायने तोवर चहा टाकला होता. तिने कप समोर धरला खरा, पण नजर जमिनीकडे होती, जणू नाही म्हटलं तर ते ऐकायलाच नको. काकीने कप घेतला. उभ्याउभ्या फुंकर मारत चहा प्याली आणि टोपली उचलून बाजाराला गेली.

दुसऱ्या दिवशी शेतात तिने मला सांगितलं, "सासूनं इचारलं, तिथं चहा घेतला का? म्या म्हनलं, घेतला. साखर जरा जास्त व्हती." सासू शेतात असली की मला मडक्यातलं पाणी ओंजळीत मिळे, नसली की काकी तांब्या हातात देई. तो हंगाम संपेपर्यंत हे असंच चाललं.

पट्ट्यात तिने पुन्हा दगड मारला नाही. प्रेमाने नव्हे, तिला पाहायचं होतं म्हणून. मचाणावरून ती ओरडून सांगायची, "पोरी, ते पाह्य, खाली शिरली! अळी घेतली का?" कधी मी नाही म्हणाले की तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

आणि मग घरट्यात एक गंमत झाली. पिलांना पिसं भरली, ती कडेवर येऊन बसू लागली आणि एके दिवशी घासातून ज्वारीचा दाणा निघाला, दुधाळ, अर्धवट चिरडलेला. दुसऱ्या दिवशी अळ्याही होत्या आणि दाणेही. मी तो दाणा कागदात गुंडाळून शेतात नेला. काकीला दाखवताना माझा चेहरा पडला असावा.

"म्हंजे शिकवते," ती दाणा बोटांत फिरवत म्हणाली. "माय शिकवते तिले चोरी." आणि ती इतक्या जोरात हसली की सगळा थवा उठला.

कापणी झाली. पट्ट्यातली कणसं वेगळी मळली, राखलेल्या भागातली वेगळी. पट्ट्यात ज्वारी बरीच कमी भरली. हे मला अपेक्षित होतं, तरी आतून कुठेतरी मला वाटत होतं की चिमण्यांनी खाल्लेल्या अळ्यांनी ती तूट भरून निघेल आणि मी काकीला तसं सांगेन. सरांनी ठरल्याप्रमाणे भरपाईची पोती पाठवली. ते स्वतः आले तेव्हा शेतकऱ्याने त्यांना खळ्यावर विचारलं, "साहेब, एवढं पाह्यलं, तं काय समजलं?"

सर म्हणाले, "कोवळ्या पिकात चिमणी आपलं काम करते. दाणा भरला की आपल्याला नडते. किती काम आणि किती नड, हे एका हंगामावरून सांगता येत नाही. अजून पाहायला पाहिजे."

"म्हंजे पुढच्या सालीबी पाहाचं?"

"हो."

शेतकरी माझ्याकडे वळून म्हणाला, "बापा, मोठं अवघड शिक्षन हाय तुहं." तो चेष्टा करत नव्हता. मला मात्र त्या खळ्यावर पहिल्यांदा वाटलं की मी जे शिकायला निघाले आहे ते नेमकं काय आहे याचा अंदाज आला. कॉलेजात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या मागे असे. इथे माणसं आपल्याला ठाऊक नाही हे सांगायला अकोल्याहून गाडीने येत होती.

पुढच्या वर्षी मी नागपूरला गेले. भावाचा वर्षाचा कोर्स संपून त्याला काम लागलं होतं आणि बाबांनी शब्द पाळला. तिथे मला मार्गदर्शकांनी तलावातले मासे दिले, चिमण्या कुणाला नको होत्या. माझ्या जागी शेतावर सरांनी दुसऱ्या कुणाला नेमलं. माशांची आतडी उघडताना सुरुवातीला मला उगाच चिडचिड व्हायची. मग तीही गेली, कारण त्यांतूनही रोज काही ना काही अनपेक्षित निघायचं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा बाबा फलाटावर झेंडा काखेत धरून उभे होते. गाडी सुटेपर्यंत त्यांचं लक्ष ड्युटीवरच होतं. ती आउटर सिग्नलपलीकडे गेली आणि ते लगबगीने माझी ट्रंक उचलत म्हणाले, "चाल, पयले मालधक्क्यावर चाल. मालगाडीतून गहू सांडते ना, त्याच्यावर कबुतरं येतात, होले येतात, साळुंक्या येतात. पोपट येत नाई. मी महिनाभर पाहून राह्यलो. काहून येत नसन?"

"माहीत नाई बाबा," मी म्हणाले.

"म्हनून तं चाल म्हनतो," ते म्हणाले, आणि ट्रंक तिथेच बाकाखाली सरकवून पुढे निघाले.